गडचांदूरच्या समुद्राची खालची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. समुद्री माशांची टाकी तुम्ही कुठे पाहिली असेल, तर मला मात्र पाहिलं नसेल. तुमचे डोळे माशांवर असतील, डुलणाऱ्या प्रवाळांवर असतील. त्या टाकीच्या खाली एक बंद कपाट असतं आणि कपाटातल्या अंधारात आणखी एक टाकी असते. ती मी. वरचं पाणी माझ्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. माझ्यात मासा राहत नाही. पण मी भरून वाहिले तर घर ओलं होतं, आणि माझ्यातलं पाणी वर गेलं नाही तर वरचे जीव गुदमरतात. त्यामुळे माझं सारं आयुष्य धास्तीत गेलं.

माझं गाव गडचांदूर. सिमेंटचं गाव. इथे झाडाच्या पानांवर पांढरी भुकटी असते, आणि दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाले की कपाटातली भांडी किणकिणतात. समुद्र इथून इतका लांब आहे की तो पाहिलेली माणसं गावात बोटांवर मोजावी लागतील.

आधी मी एका मिठाईच्या दुकानाच्या दर्शनी कपाटाची काच होते. माझ्यामागे बर्फी आणि पेढे मांडलेले असत आणि लहान मुलं माझ्यावर नाक टेकवून उभी राहत. ते दुकान बंद झालं तेव्हा नूर मोहम्मदने कपाटाच्या काचा उचलून आणल्या. त्याचं काचांचं आणि तसबिरींचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. घरात बायको रहमतबी आणि शाळेत जाणारी मुलगी गुड्डी. दुकानाच्या भिंतीला मी टेकून उभी राहिले आणि त्या घरातलं सगळं मला ऐकू येऊ लागलं.

दोन हजार पाच सालची ही गोष्ट. त्या वर्षी नूर मोहम्मदचा धाकटा भाऊ वाजिद मुंबईहून परत आला. समुद्री मासे विकणाऱ्या एका दुकानात त्याने तारुण्य काढलं होतं. दुकानाची इमारत पाडली गेली, शेठ म्हातारा झाला होता, त्याने धंदा गुंडाळला. वाजिद एक पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. गडचांदुरात समुद्री मासे सांभाळणाऱ्याला कोण विचारणार? काही दिवस तो खाणीवर गेला. धुळीने खोकला झाला म्हणून ते काम सुटलं. मग तो बाजेवर बसू लागला. सकाळी बसलेला दिसायचा, संध्याकाळी तिथेच. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

एकदा तो कोणाला काही न सांगता निघून गेला. दुसऱ्या दिवशी माणिकगडच्या डोंगराकडच्या एका खेड्यातल्या माणसांनी त्याला बैलगाडीतून आणून सोडलं.

नूर मोहम्मदने विचारलं, “कुठी चालला होता रे?”

“कुठीच नाई. चालून राह्यलो होतो,” वाजिद म्हणाला.

त्या दिवसापासून दाराची कडी नुसती हलली तरी रहमतबी हातातलं काम टाकून बाहेर येऊन बघायची. नूर मोहम्मद दुकानात काच कापता कापता थांबायचा आणि बाजेकडे मान वळवायचा.

एके सकाळी तो बाजेपाशी जाऊन बसला. म्हणाला, “वाजिद, बंबईत तू इतके वर्षं काय करत होता, ते आमी कधी पाह्यलंच नाई.”

“इथी कसं दाखवू, भाई? समुद्राचं काम हाय ते.”

“काच माह्याजवळ हाय. समुद्र तू आण.”

वाजिद उठला, दुकानात आला आणि भिंतीला टेकलेल्या काचांवरून बोट फिरवू लागला.

वरची टाकी नव्या जाड काचेची झाली. मी मात्र मिठाईवाल्याच्या जुन्या काचेची. नूर मोहम्मदने काच कापायचा हिरा माझ्यावरून फिरवला तेव्हा किर्रर्र आवाज झाला, आणि मी एका ठोक्यात सरळ रेषेत सुटले. मग सिलिकॉनने माझे तुकडे एकमेकांना चिकटवले. त्याचा सिरक्यासारखा वास घरभर पसरला. आत आडव्या उभ्या काचा लावून माझे तीन खण केले. पहिल्या खणात पाणी उतरून लोकरीतून गाळलं जाणार, दुसऱ्यात फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र, तिसऱ्यात पाणी वर फेकणारा पंप.

रहमतबी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, “ह्याले काय म्हणते?”

“संप म्हणते, भाभी.”

“संप? कारखान्यात संप होते तवा तं काम बंद पडते. मंग हे काय काम करन?”

वाजिद हसला. गावात परत आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. नूर मोहम्मदने मान खाली घातली आणि फडक्याने माझी आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसू लागला.

मित्रांनो, माझं नाव असं पडलं. नावाचा अर्थ काम बंद, आणि मला सांगितलेलं काम म्हणजे घटकाभरही थांबायचं नाही.

मग टाकीच्या मागच्या भिंतीचं काम निघालं. समुद्राच्या तळासारखा खडक दिसायला हवा होता. वाजिद म्हणाला, “समुद्रातलं प्रवाळ तोडून आणणं गुन्हा हाय. गुन्हा नसता तरी मी आणलं नसतं. तोडतानी पाह्यलं हाय मी.” तेव्हा नूर मोहम्मद म्हणाला, “सिमेंटच्या गावात राहून खडकाची चिंता काऊन करतो?” फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल आणला. वाजिदने तापलेल्या सुरीने त्यात कपारी कोरल्या, गुहा कोरल्या आणि त्यावर सिमेंटचे थर चढवले. दोन दिवसांत असा खडक तयार झाला की गुड्डी त्यावर हात ठेवून म्हणाली, “चाचा, आता मासे आणा.”

“नाई बेटा. चुना उतरू दे. चुन्याच्या पाण्यात जीव टिकत नाई.”

खडक मोठ्या ड्रममध्ये पाण्यात बुडवून ठेवला. रोज ते पाणी ओतून नवं भरायचं आणि कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा. आठवड्यामागून आठवडे गेले. पट्टीचा रंग हवा तसा येईना. नूर मोहम्मदला भीती होती की वाजिदचा धीर सुटेल आणि तो पुन्हा बाजेवर जाऊन बसेल. पण रोज पाणी बदलायचं होतं, म्हणून वाजिद रोज उठत होता. रहमतबीच्या ते लक्षात आलं होतं. पट्टीचा रंग बरा दिसला त्या दिवशी ती हळूच नवऱ्याला म्हणाली, “अजून थोडे दिवस भिजू द्या म्हणा.”

अखेर दिवाणखान्यात लोखंडी घोडीवर वरची टाकी बसली, खाली कपाटात मी. मुंबईच्या जुन्या शेठने खास मीठ पाठवलं. ते पाण्यात कालवलं आणि गडचांदुरात समुद्र भरला. पंप सुरू झाला. माझ्यातून पाणी वर चढलं, वरून खाली आलं, आणि माझ्या अंगात एक बारीक थरथर सुरू झाली.

नूर मोहम्मदने विचारलं, “विजेची लाईन गेली तं?”

“तेच पाहाचं हाय,” वाजिद म्हणाला आणि त्याने मुद्दाम बटण बंद केलं.

पंप थांबला. पण पाणी थांबलं नाही. वरचं पाणी वर नेणाऱ्या नळीतूनच उलटं खाली येत राहिलं. माझे तिन्ही खण भरत चालले. पाणी वर वर येत होतं आणि सगळे वाकून माझ्याकडे बघत होते. गुड्डी आईच्या मागे लपली. माझ्या काठापासून चार बोटं खाली पाणी आलं आणि थांबलं. वाजिदने त्या नळीला, वरच्या टाकीतल्या पाण्याच्या वरच्या थरापाशी, एक बारीक छिद्र पाडून ठेवलं होतं. पाणी थोडं उतरलं की त्या छिद्रातून हवा शिरायची आणि खाली येणारी धार तुटायची. त्या छिद्रावर माझा जीव होता. त्या घराची फरशीही त्यावरच होती.

पुढचे कित्येक दिवस टाकीत नुसतं पाणी होतं. शेजारचे येऊन बघायचे आणि परत जायचे. मग हिवाळ्याच्या तोंडावर रेल्वेने थर्माकोलचा डबा आला. त्यात प्राणवायू भरलेल्या पिशव्यांमध्ये जीव होते. नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे, एक लाल पाठीचा झिंगा, आणि अळंब्यासारखे मऊ प्रवाळ, हिरवे आणि निळसर. वाजिदने त्यांना एकेक करून पाण्यात सोडलं. संध्याकाळपर्यंत प्रवाळांनी आपल्या पाकळ्यांसारख्या कडा उघडल्या आणि दोन्ही मासे सिमेंटच्या गुहेत जाऊन बसले.

मग लोकांची रीघ लागली. कारखान्याच्या वसाहतीतले येत, शाळेची पोरं येत, बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं येत. रस्त्याच्या कोपऱ्यावर सरबताची गाडी लावणारा हरिदास तर रोज यायचा. सगळे वरच्या टाकीचं कौतुक करायचे. कपाटाचं दार कोणी उघडत नसे. पण वाजिद रोज सकाळी दार उघडायचा आणि माझ्या काचेवर तळवा ठेवायचा. पंपाची थरथर हाताला लागली की दार लावायचा. तेवढं मला पुरत असे.

उन्हाळा जवळ आला तशी माझी काळजी वाढली. लाईन रोज जाऊ लागली. पंप थांबला की माझ्यात पाणी चढायचं, आणि दर वेळी मला वाटायचं, आज थांबेल ना? उन्हाने पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं. नळ्यांवर, काठांवर पांढरी खरपुडी धरू लागली. ती त्या बारीक छिद्रावरही धरत होती. मला ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी सांगणार कुणाला?

मार्चमधल्या एका दुपारी लाईन गेली. पाणी माझ्यात उतरू लागलं. चार बोटांवर आलं आणि थांबलं नाही. काठावर आलं, काठावरून वाहिलं. कपाटातून बाहेर आलं, सतरंजीखाली गेलं, विजेच्या बोर्डाच्या वायरीपर्यंत पोचलं. लाईन येण्याआधी रहमतबीच्या ते ध्यानात आलं म्हणून तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला. नळी वर उचलून वाजिदने पाणी तोडलं, पण तोवर अर्धा दिवाणखाना खारट झाला होता.

रहमतबी गुड्डीला कडेवर घेऊन बोलली, “हे घरात नको मले. पोट्टी अनवाणी फिरते इथी. लाईन आली असती तं?”

तिचं खरंच होतं. वाजिदने फरशी पुसली आणि तो बाजेवर जाऊन आडवा झाला. दुसऱ्या सकाळी तो उठला नाही. कपाटाचं दार उघडलं नाही. माझ्यातलं पाणी उन्हाने कमी होत गेलं आणि पंप घरघरू लागला. गोडं पाणी घालायला कोणी नव्हतं.

दुपारी दार उघडलं. रहमतबी होती. तिने पंपाचा आवाज ऐकला होता. बादलीभर पाणी माझ्यात हळूहळू ओतून ती बाजेपाशी गेली. तिचं बोलणं मला ऐकू आलं.

“वाजिद, मी भेली म्हणून बोलली. पाण्याले भेली, तुले नाई बोलली.”

ती बाजेच्या कडेला टेकली.

“ते भोक कशानं बुजलं ते सांग. मी साफ करत जाईन.”

बाज करकरली. वाजिदने तिला नळी दाखवली, छिद्र दाखवलं, शेजारी आणखी एक छिद्र पाडलं, आणि वायरीचा बोर्ड भिंतीवर उंच नेला. त्यानंतर दर शुक्रवारी रहमतबी दात घासायच्या जुन्या ब्रशने ती दोन्ही छिद्रं घासायची. टाकीकडे बघून ती कधी हसली नाही. पण स्वयंपाक करतानाही तिचा एक कान माझ्याकडे असे.

मित्रांनो, आता मे महिन्याचं सांगते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातला मे तुम्हाला माहीत नसेल. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. वाजिदने टाकीवर पंखे लावले होते आणि खिडकीला वाळ्याचे पडदे बांधून तो त्यावर पाणी शिंपडत होता. तरी पाणी तापायचंच. अशा एका दुपारी नूर मोहम्मद एका नव्या घराच्या खिडक्यांना काचा बसवून सायकलवर परत आला. सायकल भिंतीला लावायला गेला आणि खाली कोसळला. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. बोलणं अडखळत होतं. इथल्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि चंद्रपूरला न्यायला सांगितलं. वाजिद जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. रहमतबीला म्हणाला, “गुड्डीले घेऊन सकाळच्या गाडीनं या, भाभी. टाकीचं सोडा.”

सकाळ व्हायच्या आधी वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं पडली, विजेचे खांब वाकले. पंप थांबला. पाणी माझ्यात उतरलं आणि चार बोटांवर थांबलं. घासलेल्या छिद्रांनी आपलं काम केलं. पण वरचं पाणी आता मेल्यासारखं स्थिर होतं. वाजिदचा बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप होता. रहमतबीने तो लावून दिला आणि पिशवी भरून, गुड्डीचा हात धरून ती बसस्टँडवर गेली.

उन्हं चढल्यावर ती परत आली. रस्त्यावर झाडं पडली होती, गाड्या बंद होत्या. फोन लागत नव्हते. नवरा कसा आहे ते सांगणारं कोणी नव्हतं. तिने पिशवी दारात ठेवली आणि तशीच उभी राहिली.

“अम्मी, अब्बा कवा येतीन?” गुड्डीने विचारलं.

रहमतबी टाकीकडे बघत होती. बॅटरीचा पंप सेल संपून बंद पडला होता. दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. प्रवाळ आक्रसून गोळे झाले होते.

तिने कपाट उघडलं, स्टीलचा लोटा घेतला, माझ्या तिसऱ्या खणात बुडवला आणि भरलेला लोटा उंचावरून वरच्या टाकीत ओतला. पाणी आदळलं, बुडबुडे आत गेले. वर जास्त झालेलं पाणी नळीतून माझ्यात आलं. तिने पुन्हा लोटा भरला. पंप करत होता ते काम ती हाताने करू लागली. वाकायचं, भरायचं, उठायचं, ओतायचं. काही वेळाने तिचे ओठ हलू लागले. ती दुआ म्हणत होती. नवऱ्यासाठी की माशांसाठी, ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही वेगळं करता आलं नसतं.

डोंगरातल्या खेड्यातली सुकरी नावाची बाई दर बाजाराला चारोळी आणि मोहफुलं विकायला यायची आणि दुकानाच्या ओसरीत बसायची. आदल्या दिवशी बाजाराला आलेली ती रात्री गावातच थांबली होती आणि आता रस्ते बंद म्हणून अडकली होती. पाण्याचा आवाज ऐकून ती आत आली.

“काऊन उपसून राह्यली, बाई?”

“जीव हाय त्यात.”

“तुहा मालक कुठी हाय?”

“चंद्रपूरले. दवाखान्यात. कसा हाय, माईत नाई.”

सुकरीने पदर खोचला आणि तिच्या हातातला लोटा घेतला. “तू बस जरासी. पोरीले काही खाऊ घाल,” म्हणाली. ओतताना पाण्याचे थेंब तिच्या ओठावर उडाले. तिने चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “हे तं मीठच हाय नुसतं. ह्यात कसे जगते हे?” पण तिचा हात थांबला नाही.

दुपारपर्यंत दोघी आळीपाळीने पाणी ओतत राहिल्या. हवा पेटली होती. माझ्या काचा गरम झाल्या होत्या आणि आतलं पाणीही कोमट झालं होतं. हरिदास विचारपूस करायला आला. टाकीची अवस्था बघून परत गेला आणि गोणपाटात, भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन आला. त्याच्या सरबताच्या गाडीचा तो त्या दिवशीचा सगळा बर्फ होता. बर्फखाना बंद होता, नवा मिळणार नव्हता.

“पाण्यात टाकू नका, भाऊ,” रहमतबी म्हणाली. “गोडं पाणी मिसळन. थैलीत बांधा.” हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरातून बघता बघता ती शिकली होती. बर्फाच्या पिशव्या माझ्यात सोडल्या, तेव्हा माझ्या अंगावरून शहारा गेला.

दुपारी उशिरा दोनांतला एक मासा आडवा झाला. रहमतबी लोटा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याला जाळीने काढून वाटीत ठेवलं आणि वर झाकण घातलं. सुकरीकडे न बघता ती म्हणाली, “एक गेला.”

सुकरीला ती काय म्हणते आहे ते समजलं. ती म्हणाली, “मासा मासा असते, बाई. माणूस माणूस असते. एकाचं दुसऱ्याले लावू नको.”

रहमतबीने पुन्हा लोटा बुडवला.

उन्हं कलली तेव्हा दारात वाजिद उभा होता. पडलेल्या झाडांवरून चढत उतरत, जिथे मिळेल तिथे ट्रॅक्टरवर बसून तो आला होता. कपडे धुळीने भरले होते. रहमतबीने त्याच्याकडे पाहिलं.

“भाई बोलून राह्यला, भाभी,” वाजिद म्हणाला. “सकाळी पाणी मांगतलं त्यानं. गुड्डीचं नाव घेतलं. डाक्टर म्हणते, धोका टळला.”

रहमतबी होती तिथेच खाली बसली. तिच्या हातातला लोटा सुटला आणि माझ्या काठावर आदळला. माझ्या काचेचा टवका उडाला. मला त्याचं काही वाटलं नाही. ती दोन्ही हात तोंडावर घेऊन रडत होती, आणि सुकरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग वाजिदचं टाकीकडे लक्ष गेलं. आपण मेलेली टाकी बघायला आलो आहोत असंच त्याला वाटत होतं. गुहेच्या तोंडाशी एक मासा कल्ले हलवत होता. झिंगा खडकावर होता. प्रवाळ मिटलेले होते, पण गळून पडले नव्हते. त्याने माझ्यातल्या वितळलेल्या बर्फाच्या पिशव्या पाहिल्या, फरशीवरचं पाणी पाहिलं, आणि रहमतबीचे हात पाहिले. तळव्यांवर फोड आले होते.

“मी सोडा म्हटलं होतं,” तो म्हणाला.

“तू घरी आला असता अन् हे सगळं मरून पडलं असतं,” रहमतबी म्हणाली, “मंग तू कुठी गेला असता?”

वाजिदने खाली पडलेला लोटा उचलला आणि अंधार पडेपर्यंत, लाईन येईपर्यंत, पाणी ओतत राहिला.

नूर मोहम्मद घरी आला, पण पूर्वीसारखा झाला नाही. त्याच्या हाताला कंप राहिला. हिरा धरला की रेषा वाकडी जायची. म्हणून काचा वाजिद कापू लागला आणि नूर मोहम्मद खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलू लागला. वाजिद पुन्हा कधी बाजेवर दिवसभर बसला नाही. तसा वेळच त्याला मिळाला नाही.

अर्धे प्रवाळ पुढच्या महिन्यात पुन्हा उघडले. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं चालेल. पण हिवाळ्यात वाजिदने निर्णय घेतला. नागपूरला एका ओळखीच्या माणसाकडे मोठी टाकी होती, वीज गेली तरी चालणारा जनरेटर होता. उरलेला मासा, झिंगा आणि प्रवाळ त्याच्याकडे द्यायचे.

नवल म्हणजे रहमतबीने विरोध केला. “मी हाय ना. मी सांभाळीन.”

“एक दिवस तुमी वाचवलं, भाभी. तरी एक गेलाच. दर उन्हाळ्यात कोण वाचवन? माह्या मनासाठी ह्या जिवायले समुद्रातून इथी आणलं. आता माहं मन बरं हाय.”

पिशव्यांमध्ये जीव भरून गेले. वरच्या टाकीत गोडं पाणी भरलं आणि त्यात वर्धा नदीचे साधे रुपेरी मासे सोडले. त्यांना मी लागत नव्हते. मला कपाटातून काढून मागच्या अंगणात ठेवलं. मिठाचे पांढरे डाग पावसाने धुतले. वाजिद कापून उरलेल्या काचा माझ्यात टाकतो. काचेने भरलेली काच, असं माझं आता झालं आहे. कोणी तळवा ठेवत नाही. अंगात ती थरथरही नाही, आणि थांबायची भीतीही नाही.

मित्रांनो, उपदेश करायचा माझा अधिकार नाही, पण एवढं ऐका. कोणत्याही जिवाला त्याच्या पाण्यातून उचलून आपल्या घरात आणण्याआधी विचार करा. तुम्ही आजारी पडलात तर काय, उन्हाळा वाढला तर काय, हे आधी स्वतःला विचारा. आणि आणलंच, तर मग अर्ध्यावर सोडू नका. माणसांचंही तसंच आहे. घरातलं कोणी गप्प होऊन बसलं तर मदत कुठून तरी येईल म्हणून नुसते थांबू नका. ती येईपर्यंत आपल्या हाताने होईल तेवढं करत राहा. थोडं करा, पण थांबू नका.

काल दुपारी पुन्हा लाईन गेली. मागच्या खिडकीतून मला घरातलं दिसतं. पंखा थांबला तशी रहमतबी पोळी तव्यावर टाकून उठली. दिवाणखान्यात जाऊन ती क्षणभर कान देऊन उभी राहिली. मग आता पंप नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती तिथून वळली आणि आतल्या खोलीच्या दारात गेली. नूर मोहम्मद झोपला होता. ती त्याच्या छातीकडे बघत उभी राहिली.

डोळे न उघडता तो म्हणाला, “हाय मी. फक्त लाईन गेली.”